टेक्निकल रायटिंग वर्गात शिकवायचं की ऑनलाइन? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी सांगा

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी,

फौंड्रीत क्वालिटीला बावीस वर्षं काढली. गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी अनगोळात एका मित्राच्या गाळ्यावर टेक्निकल रायटिंगचा वर्ग घेतो. डिप्लोमाची मुलं येतात, इंजिनिअरिंगची थोडी, उद्यमबाग आणि मच्छेकडचे चार-पाच सुपरवायझर. फी घेत नाही. वर्क इन्स्ट्रक्शन, मशीन चालवायचं पत्रक, ब्रेकडाऊन रिपोर्ट, एवढंच शिकवतो. आता खानापूर, निपाणी, संकेश्वरकडची मुलं मागे लागलीत की ऑनलाइन घ्या, दर रविवारी बसनं येणं परवडत नाही. मागणी रास्त आहे. पण माझा वर्ग ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती फोनवर कशी आणायची ते सुचेना, म्हणून हा धागा.

ती गोष्ट आधी सांगतो.

मी होतो त्या कारखान्यात इंडक्शन फर्नेसच्या, म्हणजे विजेवर लोखंड वितळवायच्या भट्टीच्या, पॅनेलशेजारी एक सूचना लावलेली होती. इंग्रजीत, एकच वाक्य, साडेतीन ओळी. 'चार्ज मटेरियल चार्जिंगपूर्वी मॉइश्चरपासून मुक्त असल्याची संबंधितांनी खातरजमा करावी' असा त्याचा अर्थ. चार्ज मटेरियल म्हणजे भट्टीत टाकायचं भंगार. ऑडिट होतं म्हणून मीच लिहिली होती. ऑडिटरनं वाचली, मान हलवली, वहीत खूण केली. पुढं आषाढातल्या एका दुपारी एका नव्या पोरानं यार्डातलं भंगार ट्रॉलीत भरून आणलं आणि भट्टीत टाकलं. त्यात पाइपचा एक तुकडा होता, दोन्ही तोंडं चेपलेली. आत पाणी. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी गेलं की क्षणात त्याची वाफ होते आणि ती पाण्याच्या सोळाशे पटीहून जास्त जागा मागते. लोखंड उसळलं. पोराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो सावरला, आज दुसरीकडे कामाला आहे.

दवाखान्यात मी त्याला विचारलं, सूचना वाचली नव्हतीस काय? तो म्हणाला, "वाचलेलो की साहेब. भंगार वरनं वाळलेलंच दिसूलालतं."

त्या उत्तरानं मी आतून हललो. पोरानं वाचलं होतं आणि वाचल्याप्रमाणं वागला होता. माझं वाक्य ओलाव्याबद्दल बोलत होतं. त्याच्या हाताला पाइपबद्दल कळायला हवं होतं. नंतर ती सूचना मी अशी लिहिली, मराठीत, शेजारी कन्नडमध्ये:

पाइप, डबे, पोकळ तुकडे बाजूला काढा.
पावसात भिजलेलं भंगार शेडमध्ये वाळवा.
वाळलेलं, भरीव भंगारच भट्टीत टाका.
पोकळ तुकड्यात पाणी असतं. त्याची वाफ होऊन लोखंड अंगावर उडतं.

तेव्हापासून माझ्या वर्गाची रीत एकच. मुलानं पत्रक लिहायचं. ज्याला ते काम ठाऊक नाही अशा माणसाच्या हातात ते द्यायचं, वस्तू पुढ्यात ठेवायची, आणि लिहिणाऱ्यानं शेजारी तोंड मिटून उभं राहायचं. वाचणाऱ्याचा हात जिथं थांबला तिथं समासात एक गोल काढायचा. त्याला का थांबलास म्हणून विचारायचं नाही, मदत करायची नाही. काम संपल्यावर जिथं जिथं गोल आहे तेवढंच सुधारायचं. पहिल्या पत्रकाला आठ-दहा गोल येतात. चौथ्या खेपेला एक-दोन राहतात.

मुलं यानं शिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. व्याकरणाचे नियम फळ्यावर लिहून शिकलेलं एकही पोर मी पाहिलेलं नाही. पण ऑनलाइन वर्गात हात दिसत नाही, चेहरा दिसतो, तोही कॅमेरा चालू असला तर. कुणी हे केलंय का?

हत्तरगी_रोड

धागा वाचतोय. आमच्याकडे एरोस्पेसच्या कामात पत्रकाला फार किंमत असते. सविस्तर नंतर लिहितो.

डॉक_लिहिणारी

सर, मी मूळची शहापूरची. बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी घरूनच डॉक्युमेंटेशन लिहिते आणि चार वर्षं ऑनलाइन शिकवतेय. त्यामुळे दुसरी बाजू मांडते.

आधी हे की फुकट आणि चांगलं साहित्य आज भरपूर आहे. गुगलनं आपल्या इंजिनिअरांसाठी केलेले टेक्निकल रायटिंगचे दोन भागांचे कोर्स २०२० पासून सगळ्यांना खुले आहेत. त्यांची रचना पाहा: आधी एकट्यानं वाचून स्वाध्याय सोडवायचे, मग वर्गात जोडीजोडीनं बसून एकमेकांचं लेखन तपासायचं. वर्ग घेणाऱ्यासाठीचं साहित्यही त्यांनी खुलं ठेवलंय. म्हणजे त्यांनाही नुसतं वाचन पुरेसं वाटलं नाही, समोरासमोरचा भाग ठेवावाच लागला. आपल्या मुलांची अडचण एवढीच की ती उदाहरणं सगळी सॉफ्टवेअरची. फौंड्रीतल्या मुलाला त्यातलं निम्मं परकं वाटतं.

ऑनलाइनची खरी ताकद मला दुसरीकडे दिसली. शेअर केलेल्या डॉक्युमेंटात प्रत्येक खाडाखोड जपली जाते. वहीत सुधारलेलं पान फाडून फेकलं की पहिला खर्डा गेला. इथं पोरीला तिचं पहिलं वाक्य आणि सातवं वाक्य शेजारी ठेवून दाखवता येतं. आणि एक गोष्ट मनापासून सांगते. वर्गात मागच्या बाकावर बसून तोंड न उघडणाऱ्या मुली कॉमेंटमध्ये लिहितात. 'ताई, हे वाक्य मला कळलं नाही' असं समोर म्हणायला त्यांना संकोच होतो. कॉमेंटमध्ये त्या सगळ्यांत चोख वाचक निघाल्या. वाचकाला कळलं नाही तर चूक लिहिणाराची, एवढं पहिल्या दिवशी सांगून ठेवलं की संकोच गळतो.

तुमचा हात थांबल्याचा गोल सॉफ्टवेअरमध्येही काढता येतो. स्क्रीन शेअर करून वाचकाला पत्रकाप्रमाणं इन्स्टॉल करायला लावते, लिहिणारा म्यूटवर. माउसचा बाण जिथं भिरभिरतो ती जागा टिपायची. हाताला बाण हा पर्याय चालतो. भट्टीचं काय करायचं ते मात्र मला सांगता येत नाही.

एरर मेसेज शिकवताना मी एकच गोष्ट सांगते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशन यंत्रानं सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस दिला. सॉफ्टवेअरमध्ये दोष होता आणि तो रोखणारी यांत्रिक सुरक्षाही काढून टाकलेली होती. पण लेखनाचा भाग पाहा: पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढंच येई. ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये त्या आकड्याचा अर्थ नव्हता. असले संदेश रोजच येत, म्हणून ऑपरेटर 'पी' दाबून पुढे जाई. हे सांगितल्यावर मुलांना 'एरर कोड ७' असं लिहायला हात धजत नाही. काय झालं, का झालं, आता काय करायचं, या तिन्ही गोष्टी ती आपसूक लिहायला लागतात.

जुना_फिटर

उद्यमबागकर, तुमच्या पत्रकात मला एक खोट दिसते. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरं घडवली, म्हणून हक्कानं सांगतो.

'बाजूला काढा' लिहिलंय. 'काढा' हा शब्द आपल्या शॉपमध्ये किती कामं करतो बघा. बोल्ट काढा म्हणजे सोडवा. हवा काढा म्हणजे ब्लीड करा, आत अडकलेली हवा बाहेर जाऊ द्या. ड्रॉइंग काढा म्हणजे आखा, आणि कपाटातलं ड्रॉइंग बाहेर घ्या असाही अर्थ होतो. जॉब काढा म्हणजे चकमधून, लेथच्या पकडीतून, उतरवा, आणि दिवसाला चाळीस जॉब काढा म्हणजे तयार करा. 'सोडा'चं तेच. लिव्हर सोडा म्हणजे हात उचला. पाणी सोडा म्हणजे चालू करा. प्रेशर सोडा म्हणजे शून्यावर आणा. एका पोराला मी म्हणालो, पाणी सोड. मला म्हणायचं होतं कूलंट, टूल थंड ठेवणारं पाणी, चालू कर. त्याला वाटलं, कूलंटचं राहू दे, तसंच चालव. टूल जळालं. चूक माझ्या शब्दाची होती.

म्हणून माझ्या हाताखालच्या पोरांना मी एक वही करायला लावायचो. डावीकडे क्रियापद, उजवीकडे त्याचा एकच अर्थ. आवळा: नट घट्ट करा. ढिला करा: नट अर्धा फेरा उलट फिरवा, पण काढू नका. सुटा करा: भाग मशीनपासून वेगळा करा. उतरवा: जड वस्तू खाली घ्या. 'काढा' आणि 'सोडा' या दोन शब्दांवर वहीत फुली. पोरांना पहिल्या आठवड्यात जड जातं, नंतर तोंडातसुद्धा तेच शब्द बसतात.

तुमच्या सूचनेत 'बाजूला ठेवा' करा.

आणि किर्लोस्कर रोडवरून रोज जाणाऱ्या पोरांना हेही सांगा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवत. बेळगावात सायकलीचं दुकान १८८८ मध्ये, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे सुरुवातीला नांगर कुणी घेईना. वस्तू चांगली असून भागत नाही, ती वापरणाऱ्याच्या मनातली शंका ओळखून त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावं लागतं. किर्लोस्करवाडीला गेल्यावर १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याचं 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक काढलं ते मराठीत. आपल्या मातीत हे काम नवं नाही.

उद्यमबागकर

फिटरकाका, मान्य. 'बाजूला ठेवा' केलं. सहा वर्षं ते पत्रक मी वर्गात दाखवतोय आणि हे माझ्या नजरेला आलं नव्हतं. वहीची कल्पना पुढच्या रविवारपासून सुरू करतो.

हत्तरगी_रोड

फिटरकाकांची वही जगानं मानलेली आहे. विमान दुरुस्तीच्या मॅन्युअलसाठी 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' म्हणून प्रमाण आहे, त्याचं काम १९८० च्या दशकात युरोपातल्या विमान उद्योगानं सुरू केलं. आज त्याला एएसडी-एसटीई१०० म्हणतात. कारण सरळ होतं: मॅन्युअल इंग्रजीत, आणि वाचणाऱ्या कितीतरी मेकॅनिकांची मातृभाषा इंग्रजी नाही. त्यात एका शब्दाला एकच अर्थ. कृतीचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५ शब्दांचं. एका वाक्यात एकच कृती. सलग तीनपेक्षा जास्त नामांची माळ नाही.

आमच्या लाइनवर नवा मुलगा आला की मी त्याला 'मेन लँडिंग गिअर अपर साइड स्ट्रट बोल्ट' असली माळ फोडायला देतो. कुठला बोल्ट, कशाचा, कुठे बसतो, हे त्याला आधी स्वतःला शोधावं लागतं, मगच लिहिता येतं. नीट लिहिता आलं नाही तर समजावं, भाग कळलेलाच नाही.

लेक्चरर_टिळकवाडी

एक विरोधी मत मांडतो, राग नसावा.

पहिल्या वर्षाला प्रोफेशनल रायटिंगचा विषय मी शिकवतो. वर्गात साठ मुलं, आठवड्याला तास थोडे, परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न. तुमच्यासारखं एकेकाचा हात बघत बसायला मला वेळ मिळत नाही, हे आधी कबूल करतो. पण मुद्दा वेगळा आहे. नोकरी इंग्रजीत लागते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी वाक्य धड येत नाही, तिथं त्याला मराठीत पत्रक लिहायला लावून आपण त्याचा वेळ घालवतोय का? पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला त्याला मराठी पत्रक कोण विचारणार?

उद्यमबागकर

सर, राग कसला. हा प्रश्न मला पालकही विचारतात.

मी दोन्ही लिहायला लावतो, पण मराठी आधी. त्याचं कारण मराठीच्या वाक्यात आहे. इंग्रजीत मुलं लिहितात, 'होज सुटा करा, प्रेशर शून्यावर आल्यानंतर.' व्याकरणानं बरोबर. पण वाचणारा पहिला भाग वाचून पाना लावून मोकळा झालेला असतो, आणि हायड्रॉलिक लाइनमध्ये प्रेशर असेल तर तेलाची बारीक धार कातडीतून आत घुसते. अट आधी, कृती नंतर, हे इंग्रजी लिहिणाऱ्यांना मुद्दाम शिकवावं लागतं. मराठीत ते आपोआप येतं: 'प्रेशर शून्यावर आलं की होज सुटा करा.' आपली भाषा अट पुढे ठेवते. मराठी वाक्य पक्कं झालं की तोच क्रम धरून इंग्रजी लिहायला सांगतो, आणि ते इंग्रजी छोटं, सरळ येतं. थेट इंग्रजीत लिहिलं की पोरं पाठ्यपुस्तकातलं कर्मणी प्रयोगाचं इंग्रजी उतरवतात, कारण त्यांनी दुसरं इंग्रजी पाहिलेलंच नसतं.

उलट एके ठिकाणी मराठी दगा देते, तेही सांगतो. नकार शेवटी येतो. 'मशीन चालू असताना गार्डच्या आत हात घालू नका.' घाईत वाचणारा 'हात घालू' पर्यंत येतो. ग्रीसनं शेवटचा शब्द झाकला गेला तर पाटी उलटंच सांगते. कन्नडचंही तसंच, 'मुट्टबेडी' (हात लावू नका) मधला 'बेडी' शेवटी. म्हणून धोक्याच्या पाटीवर आम्ही होकारी लिहितो: 'हात गार्डच्या बाहेर ठेवा.' आणि वर चिन्ह. लाल वर्तुळात तिरकी रेघ म्हणजे मनाई, पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, निळं वर्तुळ म्हणजे करायलाच हवं. आज शॉप फ्लोअरवर बिहार, ओडिशाची मुलं आहेत. त्यांना मराठीही येत नाही, कन्नडही नाही.

हत्तरगी_रोड, वीस शब्दांच्या नियमाबद्दल एक. मराठीला तो आकडा तसाच लावू नका. 'रिमूव्ह द फोर बोल्ट्स फ्रॉम द कव्हर' हे सात शब्द. 'झाकणाचे चार बोल्ट सुटे करा' हे पाच. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. मी वर्गात बारा शब्दांची मर्यादा ठेवलीय, अनुभवानं.

चिकोडी_मास्तर

लेख उत्तम. पण 'टेक्निकल रायटिंग', 'होज', 'प्रेशर'? तांत्रिक लेखन, रबरी नळी, दाब हे शब्द असताना? महाराष्ट्रात भाषा संचालनालयानं परिभाषा कोश काढून ठेवलेत. सीमाभागात आपणच मराठी शब्द सोडले तर…

जुना_फिटर

मास्तर, तुमची तळमळ कळते. 'दाब' मी पण लिहितो, कारण पोरं 'दाब' बोलतात. पण वॉशरला शॉपमध्ये सगळे 'वायसर' म्हणतात, स्पॅनरला 'पाना', विहिरीवरच्या फूट व्हॉल्व्हला शेतकरी 'फुटवॉल' म्हणतो. 'पाना' तुम्हाला मराठी वाटतो आणि 'वायसर' परका, कारण 'पाना' जरा जुना झाला. हातातल्या वस्तूला हाताखालचा माणूस जे म्हणतो, ते पत्रकात. कोशातला शब्द पुस्तकात शोभतो, पुस्तकं लिहा, मी विकत घेईन.

सीमावासी_१

मराठी पाटीचा विषय निघालाच आहे तर सीमाप्रश्नावर…

धागा-संयोजक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, भावना तिथं मांडाव्यात. इथं शिकवण्यावर बोलू या. वरचे दोन प्रतिसाद तिकडे हलवलेत.

कणकुंबीचा_पाऊस

सगळे मोठे बोलताहेत, मी विद्यार्थी. डिप्लोमा मेकॅनिकल, दुसरं वर्ष. दहावीपर्यंत मराठी माध्यम, खानापूर तालुका. मलप्रभा जिथं उगम पावते तिथून आमचं घर चालत जायच्या अंतरावर आहे.

सरांनी 'पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी उतरवतात' म्हटलं. त्याचं कारण मी सांगतो. आम्ही आयुष्यात पहिलं टेक्निकल रायटिंग करतो ते लॅब जर्नल. आणि ते आम्ही उतरवतो. सीनियरच्या जर्नलवरून, त्यानं त्याच्या सीनियरवरून. 'प्रोसिजर'च्या खाली काय लिहिलंय ते मला पहिल्या वर्षी कळलंच नव्हतं. सुबक अक्षर, लाल रेघेची चौकट, तपासणाऱ्यांची सही, पूर्ण मार्क. प्रयोग करताना तीच प्रोसिजर पुढे ठेवली तर दुसऱ्या पायरीला अडतो, मग लॅबचे अण्णा येऊन करून दाखवतात. त्या अण्णांना सगळं येतं. त्यांनी सांगितलेलं कुणी लिहून घेत नाही.

मी गेल्या टर्मला एक केलं. टेन्साइल टेस्टची, म्हणजे धातूचा तुकडा ओढून ताकद मोजायच्या चाचणीची, प्रोसिजर अण्णांना विचारून मराठीत लिहिली. 'जबड्यात पीस बसवताना दोन्हीकडे सारखी लांबी आत जाऊ द्या' हे कुठल्याच जर्नलमध्ये नव्हतं, ते लिहिलं. दोन ज्युनियरांना दिली. त्यांनी अण्णांना न बोलावता प्रयोग पुरा केला. मला इतका आनंद आयुष्यात कमी वेळा झालाय. मार्क त्याला नव्हते.

ऑनलाइन वर्गाबद्दल: आमच्याकडे जूनपासून गणपतीपर्यंत लाइट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही. व्हिडिओ वर्ग घेतलात तर आम्ही जोडले जातो आणि तुटतो. जांबोटीपर्यंत आलो तर रेंज मिळते. तुम्ही मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, तो रात्री उशिरा का होईना उतरतो. आमचा व्हिडिओ आम्ही रेंजमध्ये आलो की पाठवू. एकाच वेळी सगळे हजर पाहिजेत असं ठेवू नका, एवढी विनंती.

डॉक_लिहिणारी

पावसा, तू जर्नलबद्दल लिहिलंस ते प्रत्येक शिक्षकानं वाचावं. आणि तुझ्या शेवटच्या ओळीत उद्यमबागकर सरांच्या प्रश्नाचं उत्तर आहे! थेट वर्ग हवाच कशाला? वाचणारा पत्रक घेऊन काम करतो, दुसरा कुणीतरी फोनवर त्याच्या हाताचा व्हिडिओ काढतो. चेहरा नको, फक्त हात. व्हिडिओ लिहिणाऱ्याकडे येतो. तो काहीच बोलू शकत नाही, कारण काम आधीच होऊन गेलंय. तोंड मिटून उभं राहायचा तुमचा नियम आपोआप पाळला जातो.

लेक्चरर_टिळकवाडी

हे साठ मुलांना जमेल असं वाटतं. बारा-बारा जणांचे गट केले तर गटाला एक व्हिडिओ. पुढच्या सेमिस्टरला एका प्रयोगाची प्रोसिजर अशी लिहायला लावून बघतो. मार्क मलाच द्यायचे आहेत, तेवढं माझ्या हातात आहे.

निपाणी_शिवार

मी शेतकरी, शिकवणं माझं काम नव्हे, पण वाचक म्हणून बोलतो. औषधाच्या बाटलीबरोबर घडी घातलेला कागद येतो, तो उघडला की हातभर. अनेक भाषा, मुंगीएवढं अक्षर. बाटलीवरच्या चौकोनातला रंग तेवढा सगळ्यांना कळतो: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यांत सौम्य. १९७१ च्या नियमांपासून ते चालत आलंय आणि अडाणी माणसालाही समजतं. लिहिलेलं कुणी वाचत नाही, आणि आमच्या भागात अजून फवारताना नोझल तुंबलं की माणूस ते तोंडात धरून फुंकतो. मी स्वतः माझ्या चुलत्याला तसं करताना पाहिलंय.

तुमच्या मुलांना पत्रक लिहायचंच असेल तर हे लिहा. पाठीवरच्या पंपाचं नोझल कसं साफ करायचं. पंप माझ्याकडे आहे, चुलते आहेत, फोन आहे. साध्या पाण्यावर करू.

उद्यमबागकर

अण्णा, उपकार झाले. पावसा, तू लिहितोस का? फिटरकाकांची वही वापरायची, बारा शब्दांच्या आत, नकार टाळून. रविवारपर्यंत.

कणकुंबीचा_पाऊस

हो सर. आमच्या शेजाऱ्यांकडे तसाच पंप आहे, आधी हातात घेऊन बघतो.

कणकुंबीचा_पाऊस

पहिला खर्डा निपाणीच्या अण्णांना पाठवलाय:

१. हातमोजे घाला.
२. लिव्हर थांबवा. ट्रिगर दाबून पंपातला दाब शून्यावर आणा.
३. नोझल सुटं करा.
४. आतली गाळणी सुटी करा.
५. दोन्ही भाग स्वच्छ पाण्यात धुवा.
६. भोकावर जुना टूथब्रश फिरवा.
७. भाग परत बसवा.
तोंड नोझलपासून लांब ठेवा. त्यावर औषध असतं.

निपाणी_शिवार

झालं. चुलते बसले, पोरानं व्हिडिओ काढला, कुणी बोललं नाही. व्हिडिओ पावसाला पाठवलाय.

कणकुंबीचा_पाऊस

जांबोटीला येऊन व्हिडिओ उतरवला, स्टँडवर बसून चार वेळा पाहिला. तीन गोल.

पहिला पायरी २ ला. काकांनी ट्रिगर दाबला, फवारा आला, त्यांनी लगेच सोडला. पंपात दाब राहिला होता. कधीपर्यंत दाबायचं ते मी लिहिलंच नव्हतं.

दुसरा पायरी ३ ला. काकांनी नोझलऐवजी अख्खी दांडी हँडलपासून फिरवून वेगळी केली. माझ्या मनात नोझल म्हणजे टोकाची टोपी. त्यांच्या लेखी पुढचं सगळंच नोझल.

तिसरा पायरी ६ ला, आणि तो बघताना मला कसंतरी झालं. टूथब्रश जवळ नव्हता. काकांनी इकडं तिकडं पाहिलं, नोझल उचललं आणि तोंडाशी नेलं. व्हिडिओ काढणाऱ्या मुलानं ओरडून थांबवलं. साधं पाणी होतं, काही झालं नाही. पण तोंडाची सूचना मी सगळ्यात खाली लिहिली होती, आणि तिथपर्यंत ते पोचलेच नव्हते.

जुना_फिटर

ओरडला ते बरं केलं. असल्या वेळी नियम मोडायचा.

उद्यमबागकर

पावसा, हेच शिकायचं होतं, आणि हे मी गाळ्यावर बसून तुला शिकवू शकलो नसतो, कारण माझ्याकडे ना तो पंप होता ना ते काका. दुसरा खर्डा टाक.

कणकुंबीचा_पाऊस

टाकतोय.

तोंड नोझलपासून लांब ठेवा. त्यावर औषध असतं.
१. हातमोजे, बादलीत स्वच्छ पाणी, जुना टूथब्रश जवळ घ्या.
२. हातमोजे घाला.
३. लिव्हर थांबवा.
४. फवारा पूर्ण थांबेपर्यंत ट्रिगर दाबून धरा.
५. दांडीच्या टोकाची छोटी टोपी उलट फिरवून सुटी करा.
६. टोपीतली गाळणी सुटी करा.
७. टोपी आणि गाळणी बादलीत धुवा.
८. टोपीच्या भोकावर टूथब्रश फिरवा.
९. गाळणी टोपीत ठेवा. टोपी दांडीवर आवळा.

अण्णा, या वेळी काकूंना द्याल का? काकांना आता ठाऊक झालंय.

निपाणी_शिवार

देतो. ती म्हणते, चष्मा लावून वाचावं लागतं, अक्षर मोठं करून पाठव.